मॉरिस मायनर १९५९ : रंग न मारता शोपर्यंत

९ नोव्हेंबर

काकांची मॉरिस आज शेवटी माझ्या शेडमध्ये आली. मायनर १०००, छोटी ब्रिटिश गाडी, १९५९ ची, चार दरवाजे, राखाडी रंग. १९ वर्षं एकाच जागी उभी होती. मागचं डावं चाक जाम, हलेचना, त्यामुळे ट्रेलरवर चढवायलाच दोन तास गेले. काकूने किल्ली दिली, हँडबुक दिलं आणि एकच गोष्ट सांगितली, "त्यांनी हिला दुसरा रंग कधी लावू दिला नाही, एवढं लक्षात ठेव."

हँडबुकच्या मागच्या कोऱ्या पानांवर काकांच्या अक्षरात प्रत्येक ग्रीसिंगची तारीख आणि मैल लिहिलेत, बारीक पेन्सिलीने, ओळीखाली ओळ. रात्री बराच वेळ तेच वाचत बसलो.

गाडीभोवती बॅटरी घेऊन फिरलो. पत्रा चांगला आहे, म्हणजे जिथे मायनर कुजते तिथे, दरवाज्यांखालच्या पट्ट्या, मागच्या स्प्रिंगच्या हँगरपाशी, जॅक लावायच्या जागी, तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघितला, आत जात नाही. वरचा गंज आहे, खोल नाही. आणि ड्रायव्हरच्या दरवाज्यावर खिडकीच्या काठाला वीतभर जागेत रंग पूर्ण गेलाय, कडेला प्राइमर दिसतो आणि मधोमध उघडा पत्रा, पण हात लावला तर एकदम गुळगुळीत. ते काकांचं कोपर आहे. खिडकी खाली करून कोपर बाहेर टेकवून चालवायचे ते, मला आठवतं.

१६ नोव्हेंबर

ठरलं. २२ फेब्रुवारीला क्लासिक गाड्यांचा शो आहे, त्यात अनरिस्टोर्ड, म्हणजे नव्यासारख्या न केलेल्या, मूळ अवस्थेतल्या गाड्यांचा वेगळा क्लास आहे, आज फॉर्म भरून टाकला. माझा पहिलाच शो. भेटेल तो एकच सल्ला देतोय, पूर्ण खोल, पत्रा घास, नवीन रंग मार, क्रोम कर, मग ने. मी नाही करणार. रंग कधीही मारता येतो पण फॅक्टरीत बसलेला रंग एकदा घासून काढला की तो परत आणता येत नाही, कितीही खर्च करा. आणि हे काही माझ्या एकट्याच्या डोक्यातलं खूळ नाही. जुन्या गाड्यांची जी जागतिक संघटना आहे, फिवा, तिच्या ट्युरिन चार्टर नावाच्या तत्त्वांच्या मसुद्यात जतन आणि रिस्टोरेशन या दोन वेगळ्या गोष्टी मानल्यात. आणि २०२४ साली पेबल बीचला, म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या नावाजलेल्या स्पर्धेत, जिथे वर्षानुवर्षं आरशासारख्या चकाकणाऱ्या गाड्याच बेस्ट ऑफ शो व्हायच्या, तिथे १९३४ ची बुगाटी टाइप ५९ पहिली आली, प्रिझर्वेशन म्हणजे जतन केलेल्या गाड्यांच्या क्लासमधली गाडी, जुन्या रंगासकट. त्या स्पर्धेत असं पहिल्यांदाच झालं. बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे होती ती एकेकाळी. आमची मायनर कुठे आणि ती कुठे, पण मुद्दा तोच आहे.

माझा नियम असा की जिवाशी संबंध असलेलं सगळं, म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, टायर, पेट्रोलची लाइन, वायरिंग, हे शंभर टक्के ठीक करायचं, तिथे जुनं आहे म्हणून ठेवायचं असलं काही नाही. बाकी जे नुसतं डोळ्याला दिसतं ते फक्त साफ करायचं. आणि जो पार्ट काढला तो फेकायचा नाही, डब्यात, चिठ्ठी लावून.

चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडलं. हात लावायचा नाही आता आठवडाभर.

२३ नोव्हेंबर

हँडल लावलं, गिअर न्यूट्रलला, आणि अगदी हळू दाब दिला. पहिल्यांदा काही नाही, मग एक बारीक कट्ट आवाज आला आणि इंजिन फिरलं. पूर्ण दोन फेरे, कुठे अडकलं नाही. तसाच जमिनीवर बसलो पाच मिनिटं.

जुनं ऑइल काढलं, डांबरासारखं होतं. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हची फट चेक केली, गार इंजिनवर १२ थाउ (इंचाचे हजारावे भाग) लागतात, दोन ढिले निघाले.

७ डिसेंबर

ब्रेक. तीन रविवार आणि मधल्या संध्याकाळी धरल्या तर सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. चारही ड्रम आहेत, पुढे एका चाकाला दोन व्हील सिलिंडर आणि मागे एकेक, असे एकूण सहा, त्यातले पाच जाम. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि १९ वर्षांत ते पाणी आतून सिलिंडर खातं, पिस्टन जागेवर चिकटून बसतो. सहाही नवीन टाकले, होज नवीन, पाइप नवीन. इथे ओरिजिनलचा हट्ट धरणारा माणूस मला शोमध्ये भेटला तरी मी त्याच्याशी वाद घालणार नाही, सरळ दुसरीकडे बघेन.

मास्टर सिलिंडरने रडवलं. तो बॉनेटखाली नसतोच मायनरमध्ये, ड्रायव्हरच्या पायाखाली चासीच्या पोकळीत असतो, ऑइल भरायचं तर कार्पेट उचलून, झाकण काढून. आणि ज्या बोल्टनी तो धरलाय ते बोल्ट बाहेर ओढायला गेलं की टॉर्शन बार, पुढच्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगचं काम करणारी लांब सळई, आडवा येतो. बोल्ट अर्ध्यावर येतात आणि थांबतात. म्हणजे एका सिलिंडरसाठी पुढचं सस्पेन्शन सैल करा. केलं. जुनी गाडी सांभाळणारे परत बसवताना हे बोल्ट उलट्या बाजूने घालतात म्हणजे पुढच्या वेळी बार हलवावा लागत नाही, आणि मी तिथे खरंच अर्धा तास विचार करत बसलो, फॅक्टरीने ज्या बाजूने घातले ती बाजू बदलायची का. शेवटी उलटे घातले. पुढे जो कोणी ही गाडी सांभाळेल तो रस्त्यात ब्रेक गेल्यावर मला दुवा देईल. पण वहीत लिहिलं, आणि बोल्टजवळ एक पत्र्याची चिठ्ठी तारेने बांधली, बाजू बदलली आहे म्हणून. बदल केला तर तो लपवायचा नाही, एवढंच.

२१ डिसेंबर

पेट्रोलची टाकी उतरवली. आतून गंजाचा लाल भुगा आणि तळाला जुन्या पेट्रोलची राळ, वास असा की डोकं धरलं. दोन दिवस धुतली, आत साखळी टाकून हलवली, वाळवली. फिल्टर एक जादा टाकला पण बॉनेटखाली नाही, टाकीपाशी खाली, जिथे दिसत नाही आणि दोन क्लिप काढल्या की गाडी परत होती तशी.

४ जानेवारी

चालू झाली!!

आधी सुरुवातीचं सांगतो. इग्निशन फिरवलं तर पंप गप्प. एसयू कंपनीचा पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप आहे, तो टकटक करत पेट्रोल भरतो आणि भरलं की आपोआप थांबतो, तोच आवाज ऐकायचा असतो. आतले पॉइंट बऱ्याच वर्षांनी चिकटतात. पान्याच्या मुठीने हळूच एक टिचकी मारली, टक, मग टकटकटक सुरू झालं. लहानपणी शाळेला उशीर झाला की मी आधीच मागे जाऊन बसायचो आणि हा आवाज थांबला की समजायचं आता निघालो.

चोक ओढला, सेल्फचा नॉब ओढला (हिला किल्लीवर सेल्फ नाही, वेगळा नॉब आहे), तिसऱ्या वेळी लागली. आधी दोन सिलिंडरवर, मिसिंग मारत, निळा धूर, मग चारही. ऑइल प्रेशर आलं, दिवा गेला. ९४८ सीसीचं छोटं इंजिन, ३७ हॉर्सपॉवर, पण आवाज काय गोड आहे हिचा. काकूला फोन लावून फक्त फोन इंजिनजवळ धरला. ती काही बोलली नाही, मीही नाही, मिनिटभर तसंच.

चार्जिंग नाही मात्र. अँपिअरचा लाल दिवा विझत नाही.

११ जानेवारी

डायनामोचं, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचं, मॅग्नेटिझम उडालं होतं, उभ्या गाडीत होतं तसं. बॅटरीच्या लाइव्ह वायरचा एफ टर्मिनलला क्षणभर टच दिला, कटआउटचे (डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच) पॉइंट साफ केले, दिवा विझला. लक्षात ठेवायचं की ही पॉझिटिव्ह अर्थ गाडी आहे, बॅटरीचा प्लस बॉडीला. कोणी मदत करायला आला आणि सवयीने केबल उलट लावली तर पंचाईत, म्हणून बॅटरीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं.

दुपारी आतली सफाई. मागची सीट उचलली, खालची धूळ ब्रशने काढत होतो, ओल्या फडक्याने पुसणारच होतो तेवढ्यात पत्र्यावर काहीतरी निळं दिसलं. मेणाच्या खडूने लिहिलेला आकडा, घाईघाईत, आणि खाली एक तिरकी रेघ. फॅक्टरीत लाइनवर कोणीतरी गाडी तपासून पुढे सोडताना मारलेली खूण. ६० हून जास्त वर्षं सीटखाली, उजेड नाही म्हणून राहिली. फडकं हातातच राहिलं. ओलं असतं ना, एका हातात गेलं असतं ते. नंतर फक्त कोरड्या मऊ ब्रशने आजूबाजूची धूळ काढली आणि भरपूर फोटो घेतले. दरवाज्याचे पॅनेल पण काढून आत बघितलं, तिथे फॅक्टरीचा रंग आहे, पातळ, एका कोपऱ्यात ओघळ आलेला. अशा ओघळाला कोणी रिस्टोर करताना राहू देईल का? घासूनच टाकतील. पण मायनर खरंच अशी बनायची.

२५ जानेवारी

रंग. इथे माझ्याकडून चूक झाली ती लिहितो.

जुना रंग वरून खडूसारखा होतो, बोट फिरवलं की बोटाला राखाडी भुकटी लागते. त्याच्यावर क्लिअर कोट नसतो, म्हणून पॉलिशच्या फडक्याला रंगच येतो, ते पाहून घाबरायचं नाही. पण तो सुकलेला असतो म्हणून आधी त्याला तेलकट पॉलिश पाजायचं, लावून रात्रभर ठेवायचं, सकाळी पुसायचं, परत लावायचं. तीन रात्री केलं. छत, डिकी, दरवाजे, खोलीच आली रंगाला, राखाडीत थोडी निळी झाक आहे ती दिसायला लागली जी मी लहानपणी पाहिली होती आणि विसरलो होतो. मग बॉनेट. मायनरच्या बॉनेटच्या मधोमध एक उंच चपटी पट्टी असते, ४ इंच. गाडी डिझाइन करणारे अॅलेक इसिगोनिस यांना तयार होत आलेली गाडी अरुंद वाटली, त्यांनी मधून उभी चिरायला लावली, दोन्ही अर्धे लांब सरकवत नेले आणि ४ इंचांवर थांबा म्हणाले. १९४८ ला लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या शोमध्ये ती आली ती तशीच रुंद होऊन. ती पट्टी म्हणजे मधे वाढवलेला तो भाग. ते आठवत आठवत हात चालत होता, बरं वाटत होतं, आणि पुढच्या डाव्या मडगार्डच्या धारेवर मी जास्त घासलं. धारेवर रंग पातळच असतो, हे मला माहीत होतं. दोन इंच प्राइमर निघाला. १९५९ पासून टिकलेला रंग आणि तो माझ्या हाताने गेला, फार वाईट वाटलं, रात्री जेवण गेलं नाही.

तिथे टचअप करणार नाही. वहीत नोंद. धारा आता फक्त हाताने, दोन बोटांनी, आणि कोपराच्या जागेला पॉलिश लावलंच नाही, उघड्या पत्र्यावर नुसता मेणाचा पातळ थर, गंज चढू नये म्हणून.

१ फेब्रुवारी

ट्रॅफिकेटर. १९६१ पर्यंत मायनरला ब्लिंकर नव्हते, दरवाज्यांच्या मधल्या खांबातून पिवळा दांडा बाहेर येतो आणि त्यात बल्ब लागतो. उजवा लगेच उठला, डावा अर्धा येऊन थरथरतो. काढून पिव्होट साफ केला, पातळ ऑइलचा एक थेंब, एकच, जास्त झालं तर धूळ धरतं. आता दोन्ही फटकन उठतात. रस्त्यावर मागच्यांना तो दांडा कळत नाही म्हणून हातही दाखवायचा, सवय करतोय.

८ फेब्रुवारी

टायर नवीन घेतले. जुन्यांची जाळी छान होती आणि फोटोत चांगले दिसले असते, पण बाजूने बारीक चिरा पडल्यात, असल्या टायरवर काकूला बसवणार नाही. जुना एक स्टेपनी म्हणून डिकीत, फक्त दाखवायला. हवा २२ पाउंड.

पुढच्या ट्रनियनना ग्रीस. मायनरचा हा मर्मबिंदू आहे, खरं सांगतो, बाकी काही विसरलात तरी चालेल. पुढचं चाक ज्या पिनवर वळतं तिला वर खाली आटे असतात, आटे कोरडे राहिले की झिजतात आणि एक दिवस वळताना पिन निसटते, चाक बाजूला पडतं. काकांच्या पेन्सिलीच्या ओळी त्याच्याच होत्या, दर हजार मैलाला, कधी त्याच्याही आधी. शेवटच्या ओळीखाली मी आज पहिली ओळ लिहिली. आटे घट्ट आहेत, जरासुद्धा खेळ नाही, त्या पेन्सिलीमुळेच.

१५ फेब्रुवारी

ट्रायल. ४० किलोमीटर. वीस गेल्यावर चढावर खोकायला लागली आणि बंद. फिल्टर उघडला, लाल भुगा. टाकीतला उरलासुरला सुटून आला. फिल्टर धुतला, परत निघालो, घरी येऊन दुसरा टाकला आणि डिकीत अजून दोन ठेवले. रेडिएटर गरम नाही, ब्रेक सरळ लागतात, तिसऱ्या गिअरला हलकी रडते ती आधीपासूनच रडायची.

२१ फेब्रुवारी, रात्र

बॉक्स भरला : पाने, फॅन बेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, फिल्टर, प्लग, फडकी, पाणी, फायर एक्स्टिंग्विशर, इंजिनखाली ठेवायला ट्रे. ट्रे लागणारच, या इंजिनला मागच्या बाजूला रबरी सील नाही, शाफ्टवरचे आटे ऑइल परत आत ढकलतात, उभी केली की चार थेंब पडतात.

बोर्ड लिहायला सगळ्यात वेळ लागला. तीन कागद फाडले. पहिल्यात फार मोठं भाषण झालं होतं. शेवटी दोन रकाने केले, डावीकडे मूळचं काय काय, उजवीकडे काय बदललं, आणि उजवीकडे सगळं लिहिलं, ब्रेक, होज, टायर, फिल्टर, बोल्टची बाजू, आणि शेवटी "डावं पुढचं मडगार्ड, २ इंच रंग पॉलिश करताना गेला, जानेवारी". ते लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिलं.

२२ फेब्रुवारी, शो

पहाटे साडेपाचला निघालो, काकू पुढे शेजारी. तिने सीट मागेपुढे केली नाही, तशीच बसली. वाटेत एकदाच बोलली, "खिडकी उघड की, ते उघडीच ठेवायचे." उघडली. कोपर त्या जागेवर टेकलं तेव्हा कळलं की ती जागा अगदी बरोबर कोपराच्या मापाची आहे, माझा हात आपोआपच तिथे गेला.

आम्हाला जागा मिळाली ती रिस्टोर केलेल्या एका हिरव्या मायनरच्या शेजारी. ती इतकी सुंदर, की तिच्या मडगार्डमध्ये आमची गाडी दिसत होती, भुरकट. पहिले दोन तास लोक तिच्याकडेच. माझ्याकडे येणारे एकच विचारायचे, रंग कधी मारणार? सुरुवातीला मी लांबलचक सांगायचो, नंतर नुसता कोपराची जागा दाखवायला लागलो, हे बघा, एवढं घासायला ४० वर्षं लागली, आणि बऱ्याच जणांना तेवढ्यावर कळायचं, बोट फिरवून बघायचे आणि गप्प व्हायचे. मुलांना ट्रॅफिकेटर. एक मुलगी सहा वेळा आली, डावा, उजवा, डावा, मी प्रत्येक वेळी उठवला, बॅटरी उतरेल म्हणून मग इंजिन चालू ठेवलं.

जज दोघे होते, एकाच्या हातात बॅटरी. त्यांनी चमक बघितलीच नाही. काचेच्या कोपऱ्यातला ट्रिपलेक्स या काच कंपनीचा छाप, दरवाज्याच्या आतला रंग, वायरिंगवरचं कापडी वेष्टण, हे बघितलं, बोर्ड पूर्ण वाचला. मडगार्डच्या ओळीपाशी थांबून एकाने मान वर केली आणि म्हणाला, "हे लिहिलंत ते बरं केलंत." बोल्टची चिठ्ठी बघायला दुसरा खरंच जमिनीवर झोपला.

आणि मग दुपारी त्या हिरव्या मायनरचे मालक आले. साठीचे असतील. म्हणाले, "एक विचारू का, तुमची मागची सीट उचलता येईल का?" उचलली. ते गुडघ्यावर बसले, बॅटरी मारली आणि निळा खडू दिसल्यावर काही वेळ हललेच नाहीत. त्यांच्या गाडीत पण असणार असं काहीतरी, पण सात वर्षांपूर्वी सगळा पत्रा उघडा केला तेव्हा कोणी बघितलंच नाही, गेलं. मग त्यांनी वही काढली. डिकीच्या रबराखाली सीलंट कुठपर्यंत आहे, दरवाज्याच्या आत रंग किती पातळ आहे, कुठल्या स्क्रूला खालून वॉशर आहे, एकेक मोजून लिहिलं, पाऊण तास. ओघळाचा फोटो चार बाजूंनी काढला. जाताना मला म्हणाले, "आमच्यासारख्यांना बघायला एक तरी अशी ठेवा." त्यांनी त्यांच्या गाडीसाठी केलेले कष्ट मी बघत होतो, एक एक सांधा जुळवलाय त्यांनी, त्यामुळे त्यांच्या तोंडून ते ऐकताना मला काय वाटलं ते नीट लिहिता येत नाहीये.

क्लासमध्ये दुसरे आलो. पहिली आली ती एक १९५० च्या आधीची गाडी, तिला मिळायलाच हवं होतं, तिच्या सीटवर अजून मूळचं कापड होतं. काकूने सर्टिफिकेट घडी न करता मांडीवर धरलं होतं घरी येईपर्यंत.

१ मार्च

ट्रेमध्ये चार नाही, बरेच थेंब होते. वर बघितलं तर साइड कव्हरचं गॅस्केट ओलं आहे, मागचं नाही, म्हणजे सोपं काम. गॅस्केट मागवलं. टाकी परत एकदा उतरवायची.

हिरव्या गाडीवाल्या काकांचा फोन आला होता, त्यांना दरवाज्याच्या आतल्या वॉशरची जाडी मोजून हवी आहे. पुढच्या रविवारी कॅलिपर घेऊन बसतो, तेव्हाच दोन्ही ट्रनियनला ग्रीस. १३८ मैल झालेत शेवटच्या ओळीनंतर.